आगरकर आणि त्यांचा दमा

गोपाळ गणेश आगरकर यांचे नाव निघाले की ‘सुधारक’ पत्र, टिळकांशी झालेला वाद आणि विरोधकांनी हयातीतच काढलेली त्यांची प्रेतयात्रा या गोष्टी प्रथम आठवतात. आयुष्याचा बराच काळ ज्याने त्यांना छळले तो दमा मात्र चरित्राच्या अखेरीस, मृत्यूचे कारण म्हणून, एखाद्या ओळीत येतो. वास्तविक त्यांचे पुष्कळसे कार्य या व्याधीच्या सोबतीनेच झाले.

१४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळील टेंभू येथे त्यांचा जन्म झाला. घरची अत्यंत गरिबी. कऱ्हाडला शिकता शिकता त्यांनी कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात कंपाउंडर म्हणूनही काम केले. पुढे अकोल्याहून मॅट्रिक होऊन ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. अंगावरचा एकुलता एक सदरा रात्री धुऊन सकाळी घालण्याचे ते दिवस. एम. ए. झाल्यावर मोठ्या पगाराची नोकरी सहज मिळाली असती. पण श्रीमंतीची आशा धरू नये, असे आईला कळवून त्यांनी न्यू इंग्लिश स्कूलची तुटपुंज्या वेतनाची शिक्षकी पत्करली. १८८१ मध्ये ते ‘केसरी’चे पहिले संपादक झाले आणि पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. १८८८ मध्ये ‘सुधारक’ निघाले. बालविवाह, केशवपन, रूढींचे दास्य यांवर त्यांची लेखणी तुटून पडली, ती अशा शरीराच्या बळावर!

त्या काळच्या वैद्यकाजवळ दम्यावर देण्यासारखे फारसे काही नव्हते. धोतऱ्याची वाळलेली पाने जाळून त्यांचा धूर ओढणे हा मान्यताप्राप्त उपचार होता. हिंदुस्थानातील ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासेहून इंग्लंडला पोहोचली आणि पुढे तिच्या विड्या औषध म्हणून विकल्या गेल्या. हेन्री सॉल्टर या इंग्रज डॉक्टराने, जो स्वतः दमेकरी होता, १८६० च्या आपल्या ग्रंथात कडक काळ्या कॉफीची शिफारस केली. धोतऱ्याने आवळलेल्या श्वासनलिका तात्पुरत्या सैलावत. पण धुराने बिचाऱ्या रोग्याची छाती पुन्हा चिडे, ती वेगळीच.

१८९२ मध्ये प्राचार्य वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या विल्यम ऑस्लर यांच्या ग्रंथात दम्यामध्ये सूक्ष्म श्वासनलिकांना सूज येते, असे नमूद होते. ही सूज उतरवणारी स्टिरॉइड औषधे मात्र १९५० नंतर आली. ती थेट फुप्फुसात पोहोचवणारे इनहेलर त्याहूनही नंतरचे. म्हणजे रोगाचे मर्म हाती येऊनही उपचारासाठी अर्धे शतक लोटले. आज तो पंप गावोगावच्या औषधांच्या दुकानात मिळतो, आणि तरीही त्याची सवय लागते, मुलीचे लग्न अडते, अशा समजुतींनी तो कपाटात दडवला जातो. आराम पडताच रोजचा पंप परस्पर बंद करणारे तर घरोघरी आहेत. सूज आतल्या आत राहते; मग ओल धरलेल्या भिंतींवरील बुरशी, चुलीचा वा विडीचा धूर, डासांची अगरबत्ती, पहिल्या पावसाचा गारठा, यांपैकी काहीही निमित्तास पुरते. रूढीला कारण विचारण्याचा आगरकरांचा बाणा या एका बाबतीत आपल्या अंगी अजून पुरता आलेला दिसत नाही.

प्राचार्यपद त्यांना तीन वर्षेही लाभले नाही. कॉलेजचा कारभार, अध्यापन आणि ‘सुधारक’चे लेखन असा भार वाहत असतानाच प्रकृती ढासळत गेली. १७ जून १८९५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. पत्नी यशोदाबाई आणि मुले मागे राहिली. अंत्यसंस्कारासाठी कोणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून त्यापुरती रक्कम त्यांनी एका पुरचुंडीत बांधून उशाखाली ठेवली होती, असे सांगितले जाते.