मोझेस मायमोनिडीझ : मूर्तिपूजा, श्रद्धा आणि अखंड करार

मोशे बेन मायमोन ऊर्फ मायमोनिडीझ यांचा जन्म ११३८ च्या सुमारास स्पेनमधील कोर्दोबा येथे झाला. वडील मायमोन हे ज्यू धर्मन्यायाधीश होते व मुलाचे पहिले गुरूही तेच होते. ११४८ मध्ये उत्तर आफ्रिकेतील अलमोहाद राजवटीने कोर्दोबा जिंकले आणि ज्यूंवर धर्मांतराची सक्ती सुरू झाली. मायमोन कुटुंबाने गाव सोडले. अनेक वर्षांच्या भटकंतीनंतर, ११६० च्या सुमारास, ते मोरोक्कोतील फेझ येथे राहू लागले.

फेझवरही अलमोहादांचेच राज्य होते. तेथील अनेक ज्यू जीव वाचवण्यासाठी मुखाने इस्लामची ग्वाही देत आणि घरात गुप्तपणे आपला धर्म पाळत. अशी ग्वाही देणे म्हणजे मूर्तिपूजाच होय, अशा माणसाची प्रार्थनाही व्यर्थ ठरते, असा निर्णय एका धर्मपंडिताने दिला. इस्राएलचा देवाशी झालेला करार भीतीपोटी उच्चारलेल्या शब्दांनी तुटतो काय, हा हजारो कुटुंबांपुढील प्रश्न होता. मायमोनिडीझ यांनी पत्ररूपाने उत्तर दिले. राज्यकर्ते केवळ शब्द मागतात, कृती मागत नाहीत. म्हणून गुप्तपणे पाळलेली प्रत्येक आज्ञा देवापाशी रुजू होते, असे त्यांनी प्रतिपादले. मात्र शक्य होताच तो देश सोडावा, असेही बजावले. ११६५ मध्ये त्यांनी स्वतः फेझ सोडले आणि पॅलेस्टाइनमार्गे ते इजिप्तमधील फुस्तात येथे आले.

तेथे व्यापारी बंधू डेव्हिड कुटुंबाचा चरितार्थ चालवीत असे. हिंदी महासागरात जहाज बुडून त्याचा मृत्यू झाला. या आघाताने मायमोनिडीझ दीर्घकाळ अंथरुणाला खिळले. पुढे वैद्यकी हेच त्यांच्या उपजीविकेचे साधन झाले आणि सुलतान सलाउद्दीनचा वजीर अल् फादिल याचा त्यांना आश्रय लाभला. ११७२ च्या सुमारास येमेनमधील ज्यूंवर धर्मांतराची सक्ती झाली, तेव्हा हा करार चिरंतन आहे, असा धीर त्यांनी पत्राद्वारे दिला.

‘मिश्ने तोरा’ या चौदा भागांच्या हिब्रू ग्रंथात त्यांनी मूर्तिपूजेची मीमांसा केली. मूर्तिपूजेसाठी हिब्रूत ‘अवोदा झारा’ अशी संज्ञा आहे. तिचा शब्दशः अर्थ ‘परकी उपासना’ असा होतो. त्यात मूर्तीचा उल्लेखही नाही, हे भाषेच्या विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. मायमोनिडीझ यांच्या मते मूर्तिपूजेचा उगम विचारातील चुकीत आहे. ग्रहतारे हे देवाचे सेवक, म्हणून त्यांचा सन्मान करावा, असे आरंभी माणसांना वाटले. कालांतराने सेवकच उरले व देवाचा विसर पडला. अब्राहमने विचाराच्या बळावर पुन्हा एकच देव ओळखला आणि करार त्याच्यापासून सुरू झाला. हाच निकष त्यांनी स्वकीयांनाही लावला. ११९० च्या सुमारास पूर्ण झालेल्या ‘गोंधळलेल्यांचा मार्गदर्शक’ या अरबी ग्रंथात, देवाला शरीर आहे असे मानणे हा मूर्तिपूजेहूनही गंभीर दोष त्यांनी ठरवला.

ओबद्या नावाच्या धर्मांतरिताने त्यांना विचारले, की प्रार्थनेत ‘आमच्या पूर्वजांचा देव’ असे म्हणण्याचा अधिकार मला आहे काय? अब्राहमच्या मार्गाने जाणारा प्रत्येक जण अब्राहमचाच पुत्र होय, तेव्हा प्रार्थनेतील एकही शब्द बदलू नये, असे उत्तर त्यांनी दिले. मुसलमान मूर्तिपूजक नाहीत, हे ओबद्याचे मत योग्य असून त्याबद्दल त्याचा अपमान करणाऱ्या गुरूनेच क्षमा मागावी, असेही त्यांनी कळवले.

फ्रान्समधील ल्यूनेल येथील पंडितांना उतारवयात लिहिलेल्या पत्रात भारतातील ज्यूंचा उल्लेख आहे. त्यांना लिखित तोरा ठाऊक नाही, ते केवळ शब्बाथ पाळतात व आठव्या दिवशी सुंता करतात, असे त्यात म्हटले आहे. हे ज्यू नेमके कोठले, ते पत्रात नाही. तथापि कोकणात ‘शनवार तेली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या बेने इस्राएल समाजाची आठवण मराठी वाचकाला सहज व्हावी.

१२०४ मध्ये मायमोनिडीझ यांचे निधन झाले. परंपरेनुसार त्यांची समाधी गॅलिलीतील तिबेरिया येथे आहे. त्यांनी मांडलेल्या श्रद्धेच्या तेरा तत्त्वांची संक्षिप्त रूपे आजही ज्यू प्रार्थनापुस्तकांत आढळतात. मूर्तिपूजेची व्याख्या कठोर करणाऱ्या या विचारवंताने कराराचे दार मात्र भ्यालेल्यांना आणि नवागतांना बंद होऊ दिले नाही.