सुसान्नाबाई वेस्ली

जॉन व चार्ल्स वेस्ली या बंधूंचीं नांवें आमच्या विद्यार्थ्यांस अपरिचित नाहींत. एकानें मेथॉडिस्ट चळवळ उभारली व दुसऱ्यानें हजारों भक्तिगीतें रचिलीं. परंतु ज्या माउलीच्या हाताखालीं हे दोघे वाढले तिची हकीकत मात्र क्वचितच सांगण्यांत येते. मुलाची इच्छाशक्ति लहानपणींच नमविली पाहिजे असें आग्रहानें सांगणाऱ्या या बाईंची स्वतःची इच्छाशक्ति कोणासही नमवितां आली नाहीं, हें त्यांच्या चरित्रांतील मोठें नवल होय.

सुसान्नाबाईंचा जन्म ता. २० जानेवारी १६६९ रोजीं लंडन शहरांत झाला. वडील डॉ. सॅम्युएल अ‍ॅन्स्ली हे नामांकित उपदेशक. सरकारी मंडळीचे नियम सदसद्विवेकबुद्धीस पटेनात म्हणून १६६२ मध्यें त्यांना आपल्या जागेस मुकावें लागलें होतें. सुसान्ना हें त्यांचें पंचविसावें अपत्य असें सांगतात. वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास या मुलीनें दोन्ही पक्षांचीं मतें स्वतः पारखून पाहिलीं आणि जी मंडळी बापानें सोडली होती तिच्यांतच ती परत गेली. बापानेंही तिजवरील माया कमी केली नाहीं. ज्यानें स्वतः विवेकासाठीं नुकसान सोसलें, तो मुलीच्या विवेकास कोणत्या तोंडानें अडविणार?

१६८८ मध्यें सॅम्युएल वेस्ली या तरुणाशीं त्यांचा विवाह झाला. तो पुढें पाळक झाला. १६९७ पासून या कुटुंबाचा मुक्काम लिंकनशायर परगण्यांतील एपवर्थ या खेड्यांत पडला. एकंदर एकोणीस मुलें झालीं, त्यांपैकीं नऊ तान्हेपणींच दगावलीं. पाळकसाहेब विद्वान व कवि, पण पैशाच्या व्यवहारांत कच्चे. १७०५ सालीं कर्जापायीं त्यांना लिंकनच्या किल्ल्यांतील तुरुंगांत जावें लागलें. बाईंनीं आपल्या अंगठ्या तिकडे पाठविल्या. यजमानांनीं त्या तशाच परत केल्या. पुढें यॉर्कच्या आर्चबिशपांनीं घरीं कधीं भाकरीची उणीव पडली काय असें विचारलें. बाईंनीं उत्तर दिलें तें असें, कीं अगदीं उपाशी कधीं राहिलों नाहीं, पण भाकर मिळवितांना व तिचे पैसे चुकवितांना जो जीव मेटाकुटीस येई त्यामुळें तिची गोडी मात्र उरत नसे.

अशा घरांत त्यांनीं शाळा चालविली. मूल पांच वर्षांचें होईपर्यंत त्याच्या हातीं पुस्तक द्यावयाचें नाहीं. वाढदिवस होतांच एक संपूर्ण दिवस अक्षरांसाठीं राखून ठेवावयाचा, त्या दिवशीं घरांतील इतर सर्व व्यवस्था आधींच लावून ठेवावयाची. सकाळीं नऊ ते बारा व दुपारीं दोन ते पांच. एवढ्या वेळांत प्रत्येक मूल सर्व अक्षरें शिके. मॉली व नॅन्सी यांना मात्र दीड दिवस लागला, म्हणून आईनें त्यांना मंद ठरविलें. इतरांच्या मुलांना किती काळ लागतो हें पुढें पाहिल्यावर तें मत त्यांना बदलावें लागलें! (आम्हां शिक्षकांस ही गोष्ट वाचून थोडा धीर येतो.) अक्षरें झालीं कीं लगेच उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून वाचनास प्रारंभ.

त्यांची शिस्त आजच्या दृष्टीनें कडक होती. रडावयाचें तर हळू रडावें, हें वर्षाच्या सुमारासच मुलास शिकविलें जाई. परंतु तिच्यांत न्याय होता. अपराध आपण होऊन कबूल करणारास मार नाहीं. एका अपराधाबद्दल दोनदां शिक्षा नाहीं. मूल आज्ञा पाळूं पाहत असून काम बिघडलें तरी त्याची इच्छा गोड मानावयाची. आणि मुलीस नीट वाचतां येईपर्यंत तिच्या हातीं शिवणकाम द्यावयाचें नाहीं. हा शेवटचा नियम त्या काळीं किती घरांत होता?

याच सुमारास घरांत एक वादळ होऊन गेलें. राजा तिसरा विल्यम याच्यासाठीं पतीनें केलेल्या प्रार्थनेस बाई आमेन म्हणेनात. त्यांच्या मतें खरा राजा पदच्युत जेम्स हाच. यजमान संतापून लंडनला निघून गेले. १७०२ मध्यें विल्यम निवर्तला, ॲन राणी गादीवर आली, यजमान परतले. बाईंनीं मात्र आपला शब्द परत घेतला नाहीं. पुढच्याच वर्षीं जॉनचा जन्म झाला.

ता. ९ फेब्रुवारी १७०९ च्या रात्रीं घरास आग लागली. बाई गरोदर होत्या. ज्वाळांतूनच वाट काढून त्या बाहेर आल्या, हात व तोंड होरपळलें. पांच वर्षांचा जॉन माडीवर राहिला होता. एका माणसाच्या खांद्यावर दुसरा उभा राहिला आणि खिडकींतून त्यास बाहेर काढतांच छप्पर कोसळलें.

नंतर थोड्या वर्षांनीं थोरली मुलगी एमिली हिला वडिलांच्या खोलींत एक पुस्तक सांपडलें. आपल्या हिंदुस्थानांतील तरंगंबाडी येथें १७०६ पासून काम करणाऱ्या डॅनिश मिशनऱ्यांची हकीकत त्यांत होती. ती वाचून सुसान्नाबाई अस्वस्थ झाल्या. दूर देशीं कोणी जीव टाकून काम करतो, मग मला पुरुषाचा जन्म नसला व मी पाळक नसलें तरी घरांत कांहीं अधिक करतां येणार नाहीं काय? त्यांनीं आठवड्याचा प्रत्येक दिवस एकेका मुलास दिला. त्या दिवशीं संध्याकाळीं त्याच्याशीं एकट्याशींच बोलावयाचें. जॉनचा वार गुरुवार असे. त्या गुरुवारांची आठवण त्यानें मोठेपणींही सोडली नाहीं.

१७११-१२ च्या हिवाळ्यांत पती लंडनला असतां रविवारीं सायंकाळीं त्या मुलांस उपदेश वाचून दाखवीत. शेजारी येऊं लागले. होतां होतां दोनशेंहून अधिक माणसें जमूं लागलीं, जागेअभावीं कांहीं परत जात. मदतनीस पाळकाला हें खपेना. पतीचें निषेधाचें पत्र आलें. बाईंनीं कळविलें कीं नुसता सल्ला नको, स्पष्ट आज्ञा पाठवा, म्हणजे न्यायाच्या दिवशीं या लोकांबद्दलचा जाब मला द्यावा लागणार नाहीं. तशी आज्ञा कधीं आली नाहीं.

मुलींविषयीं मात्र लिहितांना लेखणी अडखळते. सातही मुली मुलांच्या बरोबरीनें शिकल्या, पण त्या विद्येस जगांत जागा नव्हती. हेटी तर बालपणींच ग्रीक वाचूं लागली होती. १७२५ मध्यें तिच्या हातून प्रमाद घडला आणि बापानें तिला एका नळकामाच्या कारागिराशीं घाईनें लावून दिलें. त्यानें तिला कधीं क्षमा केली नाहीं. आईचेंही मन तिच्याकडे लवकर वळलें नाहीं. तिची बाजू घेऊन जॉननेंच दयेवर उपदेश केला. इतरांच्या विवेकास मान देणाऱ्या घरांत एका चुकलेल्या मुलीस आसरा मिळूं नये, हें मला आजही पटत नाहीं.

१७३५ मध्यें पति निवर्तले. त्याच वर्षीं जॉन व चार्ल्स अमेरिकेंतील जॉर्जियास जाण्याची परवानगी मागूं लागले, ती त्यांनीं आनंदानें दिली. पुढें मुलांच्या घरीं फिरत फिरत त्या लंडनला जॉनच्या फाउंडरी या ठिकाणीं येऊन राहिल्या. तेथें मॅक्सफील्ड नांवाचा, दीक्षा न झालेला गृहस्थ उपदेश करूं लागला, म्हणून जॉन रागानें धांवत आला. मातोश्रींनीं त्यास थांबविलें आणि आधीं त्या माणसाचा उपदेश स्वतः ऐक, त्याच्या कामाचें फळ पाहा, असें सांगितलें. जॉननें ऐकलें, आणि मेथॉडिस्ट मंडळींत सामान्य उपदेशकांची वाट मोकळी झाली.

ता. २३ जुलै १७४२ रोजीं त्यांनीं देह ठेविला. प्राण जातांच स्तुतीचें स्तोत्र गावें अशी त्यांची शेवटची इच्छा होती, ती मुलांनीं बिछान्याभोंवतीं उभें राहून पुरी केली. बनहिल फील्ड्स येथें त्यांस पुरलें. ज्या पंथाचा त्याग त्यांनीं तेराव्या वर्षीं केला, त्याच वडिलांच्या पंथाच्या लोकांची ती दफनभूमि होय.