स्वप्न आणि तडजोड

‘स्टार ट्रेक’ ही मालिका अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवर ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली आणि तीन वर्षांत ७९ भाग होऊन १९६९ मध्ये बंद पडली. वाहिनीच्या हिशेबी ती अपयशीच होती. तरीही तिचे जनक जीन रॉडेनबेरी यांचे नाव दूरचित्रवाणीच्या इतिहासात कायमचे कोरले गेले. भूक, वर्णद्वेष आणि आपापसांतील युद्धे मागे टाकलेल्या मानवजातीचे स्वप्न त्यांनी घराघरांत पोहोचवले. मात्र या उजळ भविष्यकाळात वावरणारा त्यांचा नायक, ‘एंटरप्राइज’ यानाचा कॅप्टन जेम्स कर्क, निष्कलंक नाही. दोन्ही वाटा चुकीच्या आहेत आणि एक तर निवडलीच पाहिजे, असा प्रसंग त्याच्यावर वारंवार येतो. खुद्द रॉडेनबेरी यांच्या आयुष्यातही असे प्रसंग कमी आले नाहीत.

१९ ऑगस्ट १९२१ रोजी टेक्सासमधील एल पासो येथे त्यांचा जन्म झाला. वडील पुढे लॉस एंजेलिसच्या पोलीस दलात दाखल झाले आणि जीनचे बालपण त्याच शहरात गेले. दुसऱ्या महायुद्धात ते बी-१७ या बॉम्बफेकी विमानाचे वैमानिक होते. पॅसिफिक आघाडीवर त्यांनी ८९ मोहिमा केल्या. ऑगस्ट १९४३ मध्ये एस्पिरितू सांतो बेटावर उड्डाणाच्या वेळी त्यांचे विमान धावपट्टीपलीकडे जाऊन कोसळले आणि दोन सहकारी मृत्युमुखी पडले. चौकशीत रॉडेनबेरी निर्दोष ठरले. युद्धानंतर ते पॅन अ‍ॅम कंपनीत रुजू झाले. जून १९४७ मध्ये कराचीहून इस्तंबूलकडे निघालेले त्यांच्या कंपनीचे विमान सीरियाच्या वाळवंटात कोसळून पेटले. त्या विमानात असलेल्या रॉडेनबेरी यांनी जळत्या सांगाड्यातून प्रवाशांना बाहेर काढले. इतरांच्या जिवाची जबाबदारी म्हणजे काय, हे त्यांनी लेखणी हाती घेण्यापूर्वीच अनुभवले होते.

१९४९ मध्ये तेही पोलीस दलात आले. तेथे पोलीसप्रमुख विल्यम पार्कर यांच्यासाठी ते भाषणे लिहीत आणि फावल्या वेळात दूरचित्रवाणीसाठी पटकथा. १९५६ मध्ये नोकरी सोडून ते पूर्णवेळ लेखक झाले. ‘द लेफ्टनंट’ ही मरीन दलातील सैनिकांवरील त्यांची मालिका १९६३ मध्ये सुरू झाली. सैन्यातील वर्णद्वेषावरचा तिचा एक भाग संरक्षण खात्याला रुचला नाही आणि वाहिनीने तो दाखवलाच नाही. आजच्या अमेरिकेविषयी जे बोलता येत नाही, ते परग्रहाच्या आडून बोलता येईल, हे रॉडेनबेरी यांनी हेरले. ‘स्टार ट्रेक’ची कल्पना त्यांनी १९६४ मध्ये मांडली.

पहिला नमुना भाग वाहिनीला फारच बौद्धिक वाटला आणि तो नाकारला गेला. दुसऱ्या नमुना भागात विल्यम शॅटनर यांचा कर्क आला. त्या कथेत कर्कच्या जिवलग मित्राला अचानक अलौकिक शक्ती प्राप्त होते आणि तो साऱ्यांच्याच जिवावर उठतो. आधी त्याला निर्जन ग्रहावर सोडण्याचा आणि अखेर ठार मारण्याचा निर्णय कर्कला घ्यावा लागतो. म्हणजे मित्रद्रोहाच्या पातकातूनच या नायकाची कारकीर्द सुरू होते.

एप्रिल १९६७ मध्ये दाखवल्या गेलेल्या ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’ या भागाने याच सूत्राला उंची दिली. भूतकाळात, १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये पोहोचलेला कर्क शांततेसाठी झटणाऱ्या ईडिथ कीलरच्या प्रेमात पडतो. ती जगली तर अमेरिका युद्धात उशिरा उतरेल आणि हिटलर जिंकेल, हे त्याला कळते. तिला मोटारीखालून वाचवायला धावणाऱ्या डॉक्टरला तो स्वतःच्या हातांनी अडवतो. मूळ लेखक हार्लन एलिसन यांच्या संहितेत कर्कला हे साधत नाही. प्रेमापुढे तो हतबल होतो. रॉडेनबेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती संहिता बदलली. नेत्याने कोसळता कामा नये, त्याने ओझे उचललेच पाहिजे, असा हा बदल होता. एलिसन यांनी त्याबद्दल रॉडेनबेरी यांना कधीच क्षमा केली नाही.

परग्रहावरील समाजांच्या विकासात ढवळाढवळ करायची नाही, हा या मालिकेतील सर्वोच्च नियम. कर्क तो अनेकदा मोडतो. फेब्रुवारी १९६८ मधील ‘अ प्रायव्हेट लिटल वॉर’ची पटकथा तर रॉडेनबेरी यांच्याच नावावर आहे. शत्रूने एका टोळीला बंदुका पुरवल्याचे दिसताच कर्क समतोलाच्या नावाखाली दुसऱ्या टोळीलाही तशाच बंदुका देतो. व्हिएतनाममध्ये टेट आक्रमण सुरू होऊन तेव्हा जेमतेम तीन दिवस झाले होते. युद्धविरोधी प्रेक्षकांना यात सरकारी धोरणाचे समर्थन दिसले. पण या भागाचा शेवट विजयाचा नाही. आपण एका निष्पाप जगात विष पेरले, याची जाणीव घेऊन कर्क परततो.

पडद्यामागे स्वतः रॉडेनबेरी यांच्या तडजोडी सुरूच होत्या. उहुरा या कृष्णवर्णीय अधिकारी स्त्रीला त्यांनी यानाच्या नियंत्रणकक्षात मानाचे स्थान दिले. मात्र नोव्हेंबर १९६८ मध्ये कर्क आणि उहुरा यांचे गाजलेले चुंबन कथेत परक्या शक्तीच्या सक्तीनेच घडते. काही तडजोडींना तर तत्त्वाचा आधारही नव्हता. अलेक्झांडर करेज यांनी रचलेल्या शीर्षकसंगीतासाठी रॉडेनबेरी यांनी शब्द लिहिले. ते कधीच गायले गेले नाहीत, पण संगीतकाराच्या मानधनातील निम्मा वाटा मात्र त्यांच्याकडे वळला. वैविध्याच्या तत्त्वज्ञानाचे प्रतीक म्हणून एक पदक त्यांनी कथेत घुसवले, तेव्हा त्याची टपालाने विक्री करण्याचा त्यांचा बेत कलावंतांच्या लक्षात आला आणि चित्रीकरणस्थळी वाद झाला.

मालिका बंद पडली, पण पुनःप्रक्षेपणांनी तिचा चाहतावर्ग वाढतच गेला. १९७६ मध्ये चाहत्यांच्या पत्रांमुळे नासाच्या पहिल्या चाचणी शटलला ‘एंटरप्राइज’ हे नाव मिळाले. १९७९ मध्ये रॉडेनबेरी यांची निर्मिती असलेला चित्रपट आला. मुंबईची पर्सिस खंबाटा त्यात केस पूर्णपणे कापून वावरली होती. खर्च मात्र हाताबाहेर गेला आणि पुढच्या चित्रपटांत रॉडेनबेरी यांच्याकडे केवळ सल्लागारपद उरले.

१९८७ मध्ये ‘द नेक्स्ट जनरेशन’ या नव्या मालिकेद्वारे ते परतले, तेव्हा त्यांची भूमिका पालटली होती. चाहत्यांनी द्रष्टा म्हणून डोक्यावर घेतलेल्या रॉडेनबेरी यांना आता निर्दोष माणसे हवी होती. चोविसाव्या शतकातील सहकाऱ्यांत भांडण असणार नाही, असा दंडक त्यांनी घातला. नाट्य आणायचे कोठून, हा लेखकांपुढे प्रश्न पडला. गंमत अशी, की या एकोप्याच्या कथा जेथे लिहिल्या जात, तेथे मात्र कुरबुरी माजल्या होत्या. रॉडेनबेरी यांचे वकील संहितांमध्ये हात घालत आणि डी. सी. फॉन्टाना, डेव्हिड जेरॉल्ड यांच्यासारखे जुने साथी दुरावले.

२४ ऑक्टोबर १९९१ रोजी सांता मोनिका येथे त्यांचे निधन झाले. पुढे ‘डीप स्पेस नाइन’ या मालिकेतील एप्रिल १९९८ मधल्या एका भागात कॅप्टन सिस्को खोटा पुरावा रचून तटस्थ राष्ट्राला युद्धात ओढतो. त्यात माणसे मरतात, युद्धाचे पारडे फिरते आणि सिस्को या पापासह जगायचे ठरवतो. हा रॉडेनबेरी यांच्या स्वप्नाचा विश्वासघात होय, असे अनेक चाहत्यांना वाटले. वृद्ध रॉडेनबेरी यांनी तो भाग बहुधा नामंजूर केला असता. पण मित्राला मारणारा, प्रेयसीला मरू देणारा आणि बंदुका वाटणारा कर्क ज्यांनी उभा केला, त्या तरुण रॉडेनबेरी यांना सिस्को परका वाटला नसता. कर्कने केलेल्या पापाची किंमत कथा कधी लपवत नसे. ती किंमत सांगण्याचा प्रामाणिकपणा रॉडेनबेरी यांना नायकाच्या बाबतीत साधला. स्वतःच्या बाबतीत मात्र तो अपवादानेच दिसला.