डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव

त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी जेथे समुद्रास मिळते, त्या आंध्रातील सुपीक त्रिभुज प्रदेशात भीमवरम नावाचे गाव आहे. १२ जानेवारी १८९५ रोजी या गावी यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म झाला. आम्हां हैदराबादेतील मराठी कुटुंबांचा शेजार पिढ्यान्‌पिढ्या तेलुगू भाषिकांचा. त्यांचे सण आम्हांस ठाऊक, त्यांचे लोणचे आमच्या पानात. तरीही या शेजाऱ्यांच्या घरचा एवढा मोठा पुरुष आमच्यापैकी बहुतेकांच्या कानांवरून गेलेला नाही, हे पाहून यंदाच्या अंकासाठी आम्ही त्यांचे चरित्र निवडले.

सुब्बाराव हे सात भावंडांतील चौथे. घरची स्थिती बेताची होती. अभ्यासात मन रमेना, म्हणून वयाच्या तेराव्या वर्षी ते घरातून पळून काशीच्या वाटेला लागले. यात्रेकरूंना केळी विकून श्रीमंत व्हावे, असा त्यांचा बेत होता, असे सांगतात. त्यांस वाटेतूनच परत आणण्यात आले. पुढे वडील निवर्तले. आईने, वेंकम्मांनी, अंगावरचे दागिने विकून मुलाचे शिक्षण चालू ठेवले. मॅट्रिकची परीक्षा ते मद्रासच्या हिंदू हायस्कुलातून तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले. दोनदा नापास झालेला हा विद्यार्थी पुढे हार्वर्डचा पदवीधर होणार आहे, असे त्या दिवशी कोणी सांगितले असते, तर खुद्द वेंकम्मांनाही ते पटले नसते.

मद्रासेस असताना त्यांच्या मनाने संन्यासाची ओढ घेतली. रामकृष्ण मठात त्यांचे जाणेयेणे होते. परंतु आईने अनुमती दिली नाही, आणि रुग्णसेवा हीही सेवाच आहे, या विचाराने ते मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाले. काळ असहकाराचा होता. शस्त्रक्रियेच्या वर्गात त्यांनी खादीचा अंगरखा घातला, तो इंग्रज प्राध्यापकास रुचला नाही. परिणामी परीक्षेचे सर्व पेपर देऊनही त्यांस एम. बी. बी. एस. ही पदवी न मिळता एल. एम. एस. हे कमी दर्जाचे प्रमाणपत्र मिळाले. सरकारी वैद्यकीय नोकरीचे दार त्यामुळे बंद झाले. मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात डॉ. अचंट लक्ष्मीपती यांच्या हाताखाली ते शिकवू लागले.

याच सुमारास घरावर एक आघात झाला. त्यांचे दोन भाऊ एकाच आजाराने लागोपाठ दगावले. उष्ण कटिबंधातील या आजारास स्प्रू म्हणतात. आतड्यांस अन्नातील सत्त्व शोषून घेता येत नाही, रक्त पांढरे पडते, आणि भरल्या ताटासमोर माणूस झिजत जातो. त्या काळी यावर खात्रीचा उपाय नव्हता. पुढे स्वतः सुब्बारावांनाही हा आजार जडला. लक्ष्मीपतींच्या आयुर्वेदिक उपचारांनी ते वाचले. भावांना नेणारा हा रोग त्यांच्या मनात घर करून राहिला असला पाहिजे. त्यांच्या पुढील आयुष्यातील कित्येक वळणांचा उलगडा आम्हांस तरी याच एका गोष्टीने होतो.

अमेरिकेस जाण्यासाठी त्यांचे श्वशुर आणि काकिनाडा येथील मल्लाडी सत्यलिंगम नायकर धर्मादाय निधी यांनी द्रव्यसाहाय्य केले. १९१९ मध्ये त्यांचा विवाह झाला होता. पत्नी शेषगिरी यांस मागे ठेवून, दोन-चार वर्षांत परतू अशा हिशेबाने ते निघाले. ते परत आले नाहीत. पतिपत्नींची पुन्हा भेट झाली नाही. चरित्रनायकाच्या थोरवीने या गोष्टीचा भार हलका होतो, असे आम्ही म्हणणार नाही.

बॉस्टनला पोहोचले तेव्हा खिशात फारसे काही नव्हते. मद्रासचे प्रमाणपत्र तेथे डॉक्टरकीस पुरेसे नव्हते. हार्वर्डमध्ये उष्ण कटिबंधातील रोगांचा अभ्यासक्रम चालू असताना ते एका इस्पितळात रात्रपाळीचे हमाल म्हणून काम करीत. रोग्यांची शौचपात्रे धूत. दिवसा विद्यार्थी, रात्री हमाल, असा तो क्रम होता. अभ्यासक्रम संपल्यावर हार्वर्डमध्येच सायरस फिस्के या जीवरसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत त्यांस जागा मिळाली. रक्त व मूत्र यांतील फॉस्फरसचे प्रमाण काढण्याची एक सोपी आणि अचूक पद्धत या दोघांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केली. ‘फिस्के-सुब्बाराव पद्धत’ या नावाने ती जगभर पाठ्यपुस्तकांत गेली. आमच्यापैकी जे पुढे जीवरसायन शिकतील, त्यांची तिच्याशी गाठ पडल्यावाचून राहणार नाही.

त्याच पद्धतीच्या आधारे त्यांनी स्नायूंत डोकावून पाहिले. स्नायू आकुंचन पावतो त्यास शक्ती कोठून मिळते? लॅक्टिक आम्ल हे त्याचे मूळ, अशी तेव्हाची समजूत होती, आणि स्नायूंवरील त्या संशोधनास १९२२ चे नोबेल पारितोषिकही मिळाले होते. फिस्के व सुब्बाराव यांनी १९२७ मध्ये स्नायूंत फॉस्फोक्रिएटिन हे द्रव्य दाखवून दिले (इंग्लंडमध्येही त्याच वर्षी ते स्वतंत्रपणे आढळले), आणि १९२९ मध्ये ए. टी. पी. हे द्रव्य वेगळे केले. जर्मनीत लोमान यांनीही त्याच वर्षी ए. टी. पी. शोधले. आज शाळेच्या पुस्तकात पेशीचे चलनी नाणे म्हणून जे वर्णिले जाते, ते हेच ए. टी. पी.

१९३० मध्ये त्यांस हार्वर्डची पीएच. डी. मिळाली, पण कायमची प्राध्यापकी मिळाली नाही. स्वभाव संकोची, आपले श्रेय मागण्याची सवय नाही. त्यांचे त्या वेळचे सहकारी जॉर्ज हिचिंग्ज यांस पुढे १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. सुब्बारावांनी वेगळी केलेली काही द्रव्ये इतरांना कित्येक वर्षांनी नव्याने शोधावी लागली, कारण फिस्के यांनी ते काम प्रकाशात येऊ दिले नाही, असे त्यांनी नमूद केले आहे. अखेर १९४० मध्ये सुब्बाराव हार्वर्ड सोडून न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथील लेडर्ली प्रयोगशाळेत गेले, आणि १९४२ मध्ये तेथील संशोधन विभागाचे संचालक झाले.

येथून पुढची हकीकत समजण्यासाठी आपणांस थोडे मागे आणि मुंबईस जावे लागेल. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांतील गरोदर कामगार स्त्रियांना एक घातक पांडुरोग होत असे. त्यांतील अनेक जणी दगावत. परळच्या हाफकिन संस्थेत प्रयोग करताना बाईंना आढळले की, यीस्टपासून केलेल्या मार्माइट या स्वस्त पदार्थाने या स्त्रिया बऱ्या होतात. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. मार्माइटमधील ते गुणकारी द्रव्य कोणते, हे तेव्हा कळले नाही. काही वर्षे ते ‘विल्स घटक’ म्हणूनच ओळखले गेले. १९४१ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी तब्बल चार टन पालकातून ते अल्प प्रमाणात मिळवले आणि पानास लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्यावरून त्यास फॉलिक आम्ल हे नाव दिले.

पालकाच्या ढिगातून चिमूटभर मिळणारे द्रव्य रोग्यांस पुरणार कसे? सुब्बारावांच्या चमूने यकृतातून आणि जंतूंच्या किण्वनातून ते शुद्ध केले, त्याची रचना उलगडली, आणि १९४५ मध्ये ते प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या तयार झाल्याचे जाहीर केले. लवकरच डॉ. टॉम स्पाइज यांनी ते पांडुरोगाच्या आणि स्प्रूच्या रोग्यांना देऊन पाहिले, आणि अंथरुणास खिळलेली माणसे उठून बसली. सुब्बारावांच्या दोन भावांना नेणाऱ्या रोगावरचे औषध सुब्बारावांच्याच प्रयोगशाळेतून निघाले. त्या बातमीने त्यांच्या मनात काय उठले असेल, याची वाचकांनीच कल्पना करावी.

आता कर्करोगाकडे वळू. कर्करोग हा एक रोग नसून अनेक रोगांचे कुळ आहे. त्यांतील लहान मुलांचा तीव्र रक्तकर्क, म्हणजे ल्युकेमिया, हा त्या काळी सर्वांत निराशाजनक. अस्थिमज्जेत अपक्व पांढऱ्या पेशी अनावर वाढत, आणि मूल काही आठवड्यांत वा महिन्यांत दगावे. कापून काढण्याजोगी गाठ त्यात नसते, म्हणून शल्यवैद्याचा उपयोग नाही. बॉस्टनच्या बाल रुग्णालयातील डॉ. सिडनी फार्बर यांनी विचार केला की, रक्ताच्या एका विकारावर फॉलिक आम्ल गुण देते, तर येथेही देईल. त्यांनी लेडर्लीहून त्या कुळातील द्रव्ये मागवली. परिणाम उलटा झालेला दिसला, रोग बळावला. दुसरा कोणी असता तर तेथेच थांबता. फार्बर यांनी मात्र त्या अपयशाचा अर्थ लावला. फॉलिक आम्ल मिळाल्याने कर्कपेशी फोफावत असतील, तर ते तोडल्याने त्या उपाशी मरतील.

असे तोडणारे द्रव्य सुब्बारावांच्या हाताशी तयार होऊ लागले होते. पेशी दुभंगताना तिला नवा डी. एन. ए. बनवावा लागतो, आणि त्यासाठी फॉलिक आम्ल एका एन्झाइमने वापरण्याजोगे करून घ्यावे लागते. लेडर्लीच्या रसायनशास्त्रज्ञांनी, त्यांत डॉरिस सीगर या होत्या, फॉलिक आम्लाच्या रेणूतील एका जागचा हायड्रॉक्सिल गट काढून तेथे अमिनो गट बसवला. कुलपात खोटी किल्ली अडकून बसावी, तसा हा नवा रेणू त्या एन्झाइमात रुतून बसतो, आणि खऱ्या किल्लीस जागा उरत नाही. याचे नाव अमिनोप्टेरिन. १९४७ च्या डिसेंबरात ते फार्बर यांच्या हाती आले. जून १९४८ मध्ये त्यांनी सोळा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी दहा मुलांत रोग काही काळ मागे हटला होता. रक्त निवळले, मुले उठली, जेवू लागली. ही सुधारणा तात्पुरती होती, आणि फार्बर यांनी निबंधाच्या शीर्षकातच तसे स्पष्ट म्हटले होते. रोग परत आला. पण जेथे एक दिवसही वाढवून मिळत नव्हता, तेथे काही महिने मिळाले होते.

कर्करोगावरील हे पहिलेच औषध, असे कधी कधी लिहिले जाते, ते बरोबर नाही. नायट्रोजन मस्टर्ड हे द्रव्य १९४२ पासूनच लसिकाग्रंथींच्या कर्करोगावर वापरून पाहिले गेले होते. परंतु पेशीच्या अन्नाचा विचार करून, नेमक्या जागी अडसर घालणारे औषध हेच आधीचे.

सुब्बारावांच्या हाताखाली आणखीही बरेच काही निघाले. हत्तीरोगावरील हेट्राझान हे १९४७ चे. त्याच औषधाच्या गोळ्या आजही आपल्या देशात घरोघरी वाटल्या जातात. बेंजामिन डग्गर यांस मातीतील एका सूक्ष्मजीवापासून ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक मिळाले, तेही याच प्रयोगशाळेत. सुब्बारावांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले नाही. निबंधावर सहकाऱ्यांची नावे असत, सभेत ते मागच्या बाकावर असत. फार्बर यांचा निबंध प्रसिद्ध होऊन दोन महिने झाले होते. ऑगस्ट १९४८ मध्ये एका रात्री झोपेतच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय ५३ वर्षांचे होते.

पुढचे त्यांनी पाहिले नाही. अमिनोप्टेरिनचे धाकटे भावंड मेथोट्रेक्झेट, म्हणजे त्याच रेणूस एक मिथिल गट जोडलेले, अधिक सुरक्षित ठरले. १९५६ मध्ये मिन च्यू ली आणि रॉय हर्ट्झ यांनी वारेपासून उद्भवणाऱ्या कोरिओकार्सिनोमा या कर्करोगावर ते वापरले, आणि फुप्फुसापर्यंत पसरलेला रोगही औषधाने पुरता बरा होऊ शकतो, हे प्रथमच दिसले. गाठी दिसेनाशा झाल्यावरही रक्तातील खूण नाहीशी होईतो ली औषध देत राहिले. वरिष्ठांना ते पसंत नव्हते, पण खरे ठरले ते लीच. मुलांच्या ल्युकेमियावर १९६० नंतर अनेक औषधे एकत्र देण्यात येऊ लागली, आणि मेथोट्रेक्झेट त्यांतील एक खांब होऊन बसले. आज संपन्न देशांत या रोगाची दहांपैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. हाडांच्या कर्करोगात तर याची प्रचंड मात्रा देऊन, मागोमाग फॉलिक आम्लाचेच एक रूप उतारा म्हणून देतात.

त्यानंतर शास्त्र पुष्कळ पुढे गेले आहे. एका विशिष्ट गुणसूत्राच्या बिघाडाने होणाऱ्या रक्तकर्कावर २००१ मध्ये इमॅटिनिब आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या देशात नेक्सकार-१९ या उपचारास मान्यता मिळाली. यात रोग्याच्याच पांढऱ्या पेशी काढून, त्यांना कर्कपेशी ओळखण्यास शिकवून परत शरीरात सोडतात. पवईची आय. आय. टी. आणि टाटा स्मारक रुग्णालय यांनी मिळून तो सिद्ध केला. हे रुग्णालय १९४१ पासून परळलाच आहे. ल्युसी विल्स यांनी जेथे प्रयोग केले, तेथून काही पावलांवर.

एवढे होऊनही मेथोट्रेक्झेट बाद झालेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत ते आहे. रुमॅटॉइड संधिवाताने बोटे वाकडी झालेल्या हजारो आजी ते आठवड्यातून एकदा, अगदी लहान मात्रेत घेतात. १९९५ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने सुब्बारावांचे टपाल तिकीट काढले, आणि एका बुरशीच्या प्रजातीस शास्त्रज्ञांनी त्यांच्या नावावरून सुब्बारोमायसिस असे नाव दिले आहे. संधिवाताच्या त्या आजींच्या चिठ्ठीवर बहुधा दोन नावे एकाखाली एक लिहिलेली असतात: एका वारी मेथोट्रेक्झेट, आणि दुसऱ्या वारी फॉलिक आम्ल.