खान्देशच्या जावयाचा आवाज तबकडीने राखला

भडगाव (प्रतिनिधी) : मास्टर दीनानाथ मंगेशकर म्हटले की लतादीदींचे वडील, एवढेच अनेकांना माहीत असते. ते आपल्या खान्देशचे जावईही होते. त्यांच्या पत्नी माई शिरपूर तालुक्यातील थाळनेरच्या.

दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० चा, गोव्यातील मंगेशीचा. १९१८ साली त्यांनी चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासोबत बळवंत संगीत मंडळी काढली, ती नावारूपाला आणली. पुढे बोलपट आले आणि नाटकाचा गल्ला आटला. मंडळीने चित्रपट काढून पाहिले, पण कर्ज झाले. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात अवघ्या ४१ व्या वर्षी ते गेले.

मागे राहिल्या ध्वनिमुद्रिका. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावायची. रंगमंचावर वन्स मोअर घेत लांबणारे पद तेवढ्यात बसवावे लागे. चूक झाली की गाणे पुन्हा पहिल्यापासून. आजच्यासारखी जोडाजोड नव्हती. मंडळी बुडाली, पण ती तीन मिनिटे आज मोबाईलवर वाजतात.

आपल्याकडचे वहीगायन, भजनी मंडळे, वाजंत्री यांचेही तसेच आहे. जुने जाणते गायक आहेत तोवर छोट्या स्टुडिओत का होईना, त्यांचा आवाज भरून ठेवायला हवा.