मास्टर विठ्ठल : मुक्या पडद्याचा तलवारबहाद्दर

चित्रपट बोलू लागला तेव्हा सर्वांनाच आनंद झाला, असे आपण मानतो. पण त्या दिवशी ज्यांचे राज्य खालसा झाले, त्यांची आठवण कोण ठेवतो? मास्टर विठ्ठल हे अशांपैकीच एक.

मूकपटांचा तो काळ साहसकथांचा होता. अमेरिकेतून भागाभागांच्या चित्रमालिका येत. नायक मरणाच्या दारात उभा असतानाच भाग संपे आणि प्रेक्षक पुढच्या भागाची वाट पाहत घरी जाई. १९२४ साली डग्लस फेअरबँक्सचा 'द थीफ ऑफ बगदाद' निघाला. वाळवंट, शहजादे आणि उडते गालिचे यांनी लोकांना वेड लावले. अशाच धाटणीचा नायक आपल्याकडेही हवा होता आणि तो मराठी मुलखाने दिला.

विठ्ठल लहानपणी नाटक कंपनीत होते. पुढे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत फिल्म जोडण्याचे काम करता करता ते छोट्या भूमिका करू लागले. 'कल्याण खजिना'त तर ते चक्क नर्तकी झाले! १९२६ मध्ये मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीने त्यांना 'रतन मंजिरी'त नायक केले. मग तलवार त्यांच्या हातून सुटली नाही. लोक त्यांना भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणू लागले.

आर्देशिर इराणी यांनी पहिल्या भारतीय बोलपटासाठी त्यांनाच निवडले. करार मोडला म्हणून शारदा कंपनीने त्यांना कोर्टात खेचले. बॅरिस्टर जिना यांनी विठ्ठलांची बाजू मांडली आणि खटला जिंकला. मात्र कोर्टात जिंकलेला हा वीर ध्वनियंत्रापुढे हरला. उर्दू उच्चार त्यांना साधेनात. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' झळकला, तेव्हा त्याचा नायक बराच वेळ गुंगीत पडलेला दिसला!

मालिकेतला नायक शेवटच्या भागात हटकून सुटतो. विठ्ठलांचे तसे झाले नाही. त्यांचे अग्रस्थान गेले. पण त्यांनी मैदान सोडले नाही. १९३३ मध्ये शाहू मोडक यांना दुहेरी भूमिका देऊन त्यांनी 'आवारा शहजादा' दिग्दर्शित केला. पुढे भालजी पेंढारकरांच्या 'नेताजी पालकर'सारख्या चित्रपटांत ते आपल्या मायबोलीत उभे राहिले. उतारवयात दुय्यम भूमिका करण्यातही त्यांनी कमीपणा मानला नाही. १९६९ साली त्यांचे निधन झाले. 'आलम आरा'ची आज एकही प्रत उपलब्ध नाही.

एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्यांच्या घरांतून कॉलेजात आलेल्या आम्हा मुलांना हे चरित्र जवळचे वाटते. अंगात हुन्नर असतो, पण परक्या भाषेत तोंड उघडायची वेळ आली की जीभ अडखळते आणि लोक आपल्याला तेवढ्यावरूनच तोलतात. उच्चार चुकला म्हणून माणूस संपत नाही, हे मास्टर विठ्ठल यांनी नंतरच्या अनेक वर्षांच्या कामाने दाखवून दिले. त्यांच्या यशापेक्षा मला ही वर्षे मोठी वाटतात.

(द्वितीय वर्ष, कला)