चिरगावचा ‘मधुप’

झाशीहून कानपूरच्या वाटेने निघाले म्हणजे सुमारे ३० किलोमीटरवर चिरगाव हे लहानसे नगर लागते. आपणां मराठी माणसांना झाशी परिचित आहे ती राणी लक्ष्मीबाईंमुळे. चिरगावला नाव मिळवून दिले ते राष्ट्रकवी मैथिलीशरण गुप्त यांनी.

३ ऑगस्ट १८८६ रोजी ते येथील एका रामभक्त व्यापारी घराण्यात जन्मले. शालेय शिक्षण अर्धवट राहिले. पुढील अध्ययन घरीच झाले. त्या काळी हिंदी काव्य प्रामुख्याने व्रजभाषेत होई आणि लोकांच्या नित्य बोलण्यातील खडी बोली काव्यास रुक्ष समजली जाई. ‘सरस्वती’चे संपादक महावीरप्रसाद द्विवेदी यांच्या प्रेरणेने गुप्तांनी हीच बोली स्वीकारली. १९१२ च्या ‘भारत-भारती’ने स्वातंत्र्याकांक्षी मने चेतविली. १९३१ च्या ‘साकेत’मध्ये त्यांनी रामकथेत उपेक्षित राहिलेल्या ऊर्मिलेचे दुःख गायिले. १९४१ मध्ये त्यांना कारावास घडला. १९५२ मध्ये ते राज्यसभेचे नियुक्त सदस्य झाले. १२ डिसेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

परंतु त्यांचे एक कार्य आपण विशेष ध्यानात घ्यावे. १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले बंगाली कवी मायकेल मधुसूदन दत्त यांनी १८६१ मध्ये ‘मेघनादवध’ हे महाकाव्य रचिले. त्यात कवीची सहानुभूती रावणपुत्राकडे आहे आणि निःशस्त्र मेघनादाला मारणारा लक्ष्मण काहीसा उणा ठरतो. असे काव्य ‘मधुप’ या टोपणनावाने हिंदीत आणिले ते कोणी? आजन्म रामोपासक असलेल्या गुप्तांनी! आपल्या आराध्याच्या बंधूला उणेपणा आणणारे शब्द त्यांनी स्वतःच्या लेखणीने उतरविले, आणि तरीही त्यांची रामनिष्ठा ढळली नाही. पुढे ‘साकेत’ त्यांच्याच हातून पूर्ण झाले.

पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करताना मला या उदाहरणाचे मोल जाणवते. भाषांतरकाराला प्रथम दुसऱ्याचे म्हणणे पूर्ण ऐकावे लागते. मध्येच आपले मत घुसडून चालत नाही. रेव्हरंड टिळकांनी संतवाणी अशीच आदराने ऐकली होती, म्हणूनच त्यांची ख्रिस्ती भजने मराठी मनाला परकी वाटली नाहीत. वाचकहो, शेजाऱ्याची श्रद्धा समजून घेताना आपला विश्वास डळमळेल, अशी धास्ती आपल्या मंडळ्यांत अनेकांना वाटते. ज्याचे मूळ खोल गेले आहे, त्याला अशी धास्ती कशाला? गुप्तांचा देव आपला नव्हे. पण त्यांची ही निर्भय उदारता आपण अवश्य शिकावी.